चूक कितव्या ओळीत आहे?



आपल्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये याच गावात सुरू झाली. त्याच गावातली आपली मुलं आज मोबाइलवर हलती चित्रं तासन्‌तास बघतात, पण ती तयार कशी होतात हे त्यांना माहीत नसतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या लॅपटॉपवर मी शेडर लिहायला शिकले.

शेडर म्हणजे काय? ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके कुठं द्यायचे ते ठरतं, मग आत रंग भरतो. संगणकातही तसंच. व्हर्टेक्स शेडर आकाराचे कोपरे कुठं येतील ते सांगतो, फ्रॅगमेंट शेडर आतल्या प्रत्येक बारीक ठिपक्याचा रंग ठरवतो. हे काम ग्राफिक्स चिप करते. २०११ मध्ये वेबजीएल आलं आणि ब्राउझरमधूनच त्या चिपला काम सांगता येऊ लागलं. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, नोटपॅड आणि ब्राउझर पुरे.

पद्धत सोपी आहे. रिकामा शेडर तयार करायचा, त्यात आपला मजकूर भरायचा, तो कंपाइल करायचा. दोन्ही शेडर झाले की एका प्रोग्रॅममध्ये जोडायचे. कंपाइल आपल्या समोरच, बघणाऱ्याच्या यंत्रावर होतं, कारण प्रत्येक यंत्रातली चिप वेगळी असते.

माझं पहिलं चित्र मात्र तीन संध्याकाळी दिसलंच नाही. नुसती रिकामी चौकट! मग कळलं, कंपाइल फसलं तरी ब्राउझर आपणहून पानावर काही सांगत नाही. आपणच विचारावं लागतं, ‘बाबा रे, जमलं का?’ विचारलं की तो चूक आणि ओळ क्रमांक दोन्ही देतो. माझी चूक पाचव्या ओळीत होती. जिथं १.० हवं तिथं मी नुसतं १ लिहिलं होतं. वर्गात आपण दोन्ही सारखेच म्हणतो, किंमत सारखीच आहे. पण इथं पूर्णांक आणि दशांश हे दोन वेगळे प्रकार मानतात.

तेव्हा मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. ती कधी शंका विचारत नाही. गणित चुकलं की मी जवळ जायच्या आत खोडरबरनं सगळं पुसून टाकते. वही स्वच्छ आणि कोरी. मी वर्गाला विचारायचे, ‘समजलं का?’ सगळे म्हणायचे, ‘हो मॅडम!’ मी पुढचा धडा घ्यायचे.

सुट्टीनंतर मी तिला सांगितलं, पुसू नकोस, प्रत्येक पायरीला क्रमांक घाल. तपासताना मी लाल फुली मारणं सोडलं, फक्त लिहिते, ‘तिसरी ओळ बघ.’ भागाकारात ती हातचा विसरत नव्हती, शून्य लिहायचंच राहून जात होतं. हे मला सहा महिने कळलं नव्हतं. चूक तिची होती, पण न विचारण्याची चूक माझी होती.

माझं मत स्पष्ट आहे. सहावी-सातवीच्या मुलांना शाळेतल्या संगणकावर एक छोटा शेडर जरूर करू द्या. त्यातून सगळे प्रोग्रॅमर होतील म्हणून नव्हे. अंक बदलले की लाल चौकोन निळा होतो, आणि चुकलं तर यंत्र रागावत नाही, ओळ दाखवतं, हे त्यांनी अनुभवावं म्हणून. संगणक नसेल तर वहीवर तरी सुरुवात करा. परवा त्याच मुलीनं वही आणून दिली आणि म्हणाली, ‘मॅडम, चौथ्या ओळीत काहीतरी चुकलंय, पण पुसलं नाही.’