उंदराचें विष आणि घरचें मांजर

घिवलीसारख्या समुद्रकांठच्या गांवांत जेथें जाळीं आणि सुकी मासळी, तेथें उंदीर हे ठरलेलेच. म्हणून रात्रीं कणकेच्या गोळ्यांत विष कालवून कोनाकोपऱ्यांत ठेवण्याची रीत आहे. परंतु उंदीर कोणता आणि मांजर कोणतें, हें विषाला कसें समजावें?

हें विष पुष्कळदां झिंक फॉस्फाइडची करडी-काळी भुकटी असते. पोटांतील आम्लाशीं तिचा संयोग होतांच फॉस्फीन नांवाचा विषारी वायु निघतो, आणि त्यावर उतारा नाहीं. दुसऱ्या जातीच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. त्यावर जीवनसत्त्व ‘के’ हा उतारा आहे. पण लक्षणें बहुधा ३-४ दिवसांनीं दिसतात, तोंवर कुत्र्यानें काय खाल्लें हें धनी विसरलेला असतो. असा विषारी उंदीर खाऊन मांजरहि दगावूं शकतें. म्हणजे उंदरांचा खरा वैरी आपणच घालवितों!

वेडी माया याहून घातक. मांजरास ताप आला म्हणून पॅरासिटामॉल चारणारे सुशिक्षित लोकहि आहेत. माणसाची एक गोळी त्याचा जीव घेऊं शकते. परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, तरी विषबाधा झालेल्या जनावरास मीठ-पाणी किंवा तेल पाजण्याचा अपायकारक प्रघात सुटत नाहीं. विषाची पुडी बरोबर घेऊन तत्काळ गुरांच्या डॉक्टरांकडे जावें.

आमच्या मतें विषाचे गोळे मोजून ठेवावे, पहाटे मोजून उचलावे आणि मेलेले उंदीर खोल पुरावे. घरांत पाळीव जनावर किंवा रांगतें मूल असेल तर पिंजराच बरा. त्यांत रोज सुक्या बोंबलाचा तुकडा अडकविण्याचा वडील माणसांस कंटाळा येतो. तें काम शाळकरी मुलांनीं अंगावर घ्यावें.