पार्किंगची दुसरी किंमत

हंडा विकल्यावर त्याच्या काठाचे निराळे पैसे सोनगीरचा तांबट मागत नाही. मुंबईचा बिल्डर मागतो. दहिसरच्या पांचाली सोसायटीत इमारतीच्या खांबांमधील २५ पार्किंगच्या जागा आपल्याच, असा दावा करीत एक बिल्डर दिवाणी न्यायालयात हरला, उच्च न्यायालयात हरला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरला. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्याखाली ती जागा सामाईक, ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निवाडा झाला. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडे पार्किंग सामाईकच ठरविले. बंदिस्त गॅरेजची विक्री मात्र राहिली. (पळवाट तेवढी उरलीच!) नाशिक-पुण्यात मुलांसाठी घर घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी ही रक्कम नेमकी कशाची, हे करारात लिहून मागावे, बिल्डर न जुमानल्यास महारेराकडे तक्रार करावी.