शून्य टक्के कमिशन

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका कला मेळ्यात मी चार दिवस स्टॉल लावून बसलो होतो. चौदा चित्रं नेली होती, बारा परत आणली. कोल्हापुरात परतल्यावर जो भेटेल तो विचारायचा, "काय, कसा झाला मेळा?" मी सांगायचो, "छान. रिस्पॉन्स चांगला होता."

'रिस्पॉन्स चांगला होता' हे आमच्या जमातीचं खास वाक्य आहे. चित्रं विकली गेली असतील तर माणूस आकडा सांगतो. विकली गेली नसतील तर रिस्पॉन्स सांगतो.

आकडाच सांगायचा तर असा. स्टॉलचं भाडं ५८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६८,४४०. भिंतीवर दोन जादा दिवे लावून घेतले त्याचे ३,०००. चौदा फ्रेमा ३१,५००. टेम्पो दुसऱ्या एका चित्रकाराबरोबर वाटून घेतला, माझ्या वाट्याला जाऊन-येऊन ११,०००. कार्डं आणि छोटी पुस्तिका ४,२००. मुक्काम डोंबिवलीला मावसभावाकडे, त्यामुळे फुकट. जाणं-येणं आणि खाणं ५,६००. एकूण १,२३,७४०. विक्री झाली दोन लहान जलरंगांची, मिळून १८,०००. तोटा १,०५,७४० रुपये. यात चित्रं काढायला लागलेले दीड वर्ष आणि रंग-कॅनव्हासचा खर्च धरलेला नाही, कारण तो धरायची आम्हाला सवयच नाही.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण असं, की मेळा संपल्यावर मला तोट्यापेक्षा जास्त काही मिळालं असेल तर ते धडे. ज्याने त्याने मला धडा दिला. चित्रं फार मोठी होती. चित्रं फार उदास होती. किमती जास्त होत्या. किमती कमी होत्या, त्यामुळे लोकांना विश्वास वाटला नाही. रील्स करायला हव्या होत्या. मॅग्नेट आणि कोस्टर ठेवायला हवे होते. आठवड्याभरात एका मार्गदर्शकांच्या ऑनलाइन सत्राची जाहिरातही फोनवर आली: मेळ्यातल्या अपयशातून काय शिकाल? फी १,४९९ रुपये. म्हणजे आधी विक्रीच्या आशेवर पैसे घ्यायचे, मग विक्री न झाल्याच्या दुःखावर.

माझा आक्षेप शिकण्याला नाही. पंधरा वर्षं मी एलिमेंट्री-इंटरमिजिएटचे क्लास घेतोय, शिकण्यावरच माझं घर चालतं. आक्षेप याला आहे, की मेळा पडला की शिकायचं ते फक्त चित्रकाराने.

माझ्या चुका आधी कबूल करतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा स्वतःचं झाकतोय. चित्रांखाली मी किमती लावल्या नव्हत्या. किंमत विचारावी लागली की निम्मे लोक विचारतच नाहीत, हे मला कळायला हवं होतं. साड्यांच्या दुकानात मी स्वतः तेच करतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी स्टॉलच्या मागे खुर्ची टाकून फोन बघत बसलो. आलेल्यांची नावं-नंबर लिहून घ्यायला वही ठेवली नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या दिवशीची. ठाण्याहून एक जोडपं आलं होतं, पन्नाशीच्या आसपासचं. पंचगंगेच्या घाटाचं एक चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बाईंनी पर्समधून टेप काढली, रुंदी मोजली आणि विचारलं, "सोफ्याच्या वर बसेल ना हे? आमचा सोफा मरून आहे." मी म्हणालो, "चित्र सोफ्यासाठी नसतं हो, मॅडम." ते दोघं ओशाळून हसले आणि निघून गेले. शेजारच्या स्टॉलवाल्याने मला टाळी दिली.

त्या टाळीची मला आता लाज वाटते. चार दिवसांत माझ्या स्टॉलसमोरून गेलेल्या लोकांतले बहुतेक सेल्फी काढून गेले. काही जण 'टेक्श्चर सुंदर आहे' म्हणून गेले. त्या चित्रासोबत रोज राहायचं, रोज संध्याकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघायचं, असा विचार करणारी माणसं फक्त ही दोनच. घरातून निघताना त्यांनी भिंत मोजली होती, पर्समध्ये टेप टाकली होती. विकत घ्यायचंच असं ठरवून आलेली माणसं होती ती. मी त्यांना कलेचा अपमान करणारे ठरवून हाकललं. सोफ्यावरचे विनोद आमच्याकडे फार चालतात. ज्याच्या घरी सोफा आहे आणि वर भिंत मोकळी आहे, तोच आमचं गिऱ्हाईक, हे आम्ही सोयीस्कर विसरतो.

तर हा माझा धडा, आणि तो मी घेतला. पण समजा मी किमती लावल्या असत्या, उभा राहिलो असतो, त्या बाईंना खुर्ची दिली असती. ते चित्र ४०,००० चं होतं. तरी तोटा पासष्ट हजारांच्या वरच राहिला असता. म्हणजे माझ्या सगळ्या चुका दुरुस्त करूनही हिशोब बसत नाही. मग चूक फक्त माझ्यात नाही, मांडणीत आहे.

ती मांडणी बघू. या मेळ्याच्या माहितीपत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'शून्य टक्के कमिशन! विक्रीची पूर्ण रक्कम कलाकाराची!' फॉर्म भरताना मला हे औदार्य वाटलं होतं. गॅलऱ्या तीस, चाळीस, कधी पन्नास टक्केही घेतात, इथे शून्य.

आमच्या कोल्हापुरात गुळाचे सौदे निघतात. शेतकरी रवे आणून मांडतो, अडत्या बोली लावून घेतो. अडत्याला शिव्या देणं हा आमच्या जिल्ह्याचा आवडता छंद आहे, आणि त्याला कारणंही आहेत. पण सौदा झाला नाही तर अडतही नाही, एवढं तरी तिथे पक्कं असतं. अडत्याला गूळ खपवण्यात रस असावाच लागतो. आता कल्पना करा, एखादा अडत्या म्हणाला: मला अडत नको, फक्त ओट्यावर रवे ठेवायचे ५८,००० आधी द्या; मग विकलं, न विकलं, सगळं तुमचं. शेतकरी त्याला उदार म्हणेल का? तो रवे उचलून पुढच्या ओट्यावर जाईल.

शून्य टक्के कमिशनचा अर्थ एवढाच, की विक्रीत आयोजकाचा रसही शून्य टक्के. पहिल्या दिवशी फीत कापली जाते तेव्हा त्याचा धंदा संपलेला असतो. त्याने भिंती विकल्या, आणि त्या सगळ्या विकल्या गेल्या. त्याचं गिऱ्हाईक ठाण्याचं जोडपं नाहीच; त्याचं गिऱ्हाईक मी. जाहिरात कुठे जास्त येते ते बघा. 'मेळ्याला या, चित्रं घ्या' यापेक्षा 'स्टॉल बुक करा, मोजकेच शिल्लक' हे मला वर्षभर येत राहतं.

कला मेळा ही कल्पना मुळात अशी नव्हती. १९६७ साली जर्मनीत कोलोनला आधुनिक कलेचा जो पहिला बाजार भरला, तो गॅलरीवाल्यांनी भरवला. १९७० चा आर्ट बाझेलही तिथल्या गॅलरीवाल्यांनीच सुरू केला. दिल्लीत २००८ पासून भरणारा, आज इंडिया आर्ट फेअर म्हणून ओळखला जाणारा मेळा किंवा २०२३ साली महालक्ष्मी रेसकोर्सवर सुरू झालेला आर्ट मुंबई, इथेही मुख्यतः गॅलऱ्या जागा घेतात. भाडं गॅलरी भरते, जोखीम तिची. ती वर्षानुवर्षं जोडलेल्या संग्राहकांना फोन करून बोलावते, कारण बोलावलं नाही तर ती बुडते. त्या जगाची स्वतःची पापं आहेत, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पण तिथे चित्रकार आणि तोटा यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. आमच्या मेळ्यांनी मांडव, दिवे, फीत हे सगळं घेतलं आणि तो माणूस तेवढा काढून टाकला. ज्याच्याकडे भांडवल सगळ्यात कमी, त्याच्या डोक्यावर सगळी जोखीम ठेवली आणि त्याला 'थेट ग्राहकापर्यंत पोहोचण्याची संधी' असं नाव दिलं.

मग आम्ही जातो कशाला? जहांगीरची तारीख मिळायला वर्षंच्या वर्षं जातात. गावात गॅलरी नाही. आणि वर्तमानपत्रात बातमी येते: मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्राम यात्रा' सुमारे ११८ कोटींना गेलं. बघा, भारतीय चित्रकलेचा बाजार कसा तेजीत आहे! अशा प्रत्येक बातमीनंतर आमच्यातल्या दहा जणांना स्टॉल बुक करावासा वाटतो. पण ते चित्र १९५४ मध्येच दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी घेतलं होतं, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं. लिलावातली तेजी ही जुन्या चित्रांच्या मालकांची तेजी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आलं, त्यात दहा हजारांच्या वर किमतीला झालेल्या पुनर्विक्रीत कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद आहे. माझ्या ओळखीत तो वाटा मिळालेला एकही चित्रकार नाही. बहुतेकांना असं कलम आहे हेही माहीत नाही. आम्हाला कोणी शिकवायचंच असेल, तर रील्सच्या आधी हे शिकवा.

आयोजकांची बाजू मला माहीत आहे. हॉलचं भाडं मुंबईत जीव काढतं. वीज, पार्टिशन, सुरक्षारक्षक, परवानग्या. शिवाय ते म्हणतात, कमिशन ठेवलं तर चित्रकार गिऱ्हाइकाला कार्ड देऊन 'घरी या, तिथे घ्या' सांगतील. हे खरं आहे, आमच्यातले काही नक्की सांगतील. पण हस्तकलेच्या कित्येक प्रदर्शनांत बिलाचं एकच काउंटर असतं आणि ते चालतं. हिशोब करून बघू. समजा माझं भाडं निम्मं केलं, २९,०००, आणि विक्रीवर वीस टक्के घेतले. आयोजकाला आधीइतकेच पैसे मिळायला माझी विक्री १,४५,००० ची व्हावी लागेल. मग तो आर्किटेक्टना बोलावेल, ठाण्या-मुलुंडच्या सोसायट्यांत पत्रकं वाटेल, मरून सोफेवाल्यांना शोधत फिरेल. आणि जे विकलंच जाणार नाही अशा चित्रकाराला 'यंदा नको, तयारी करा' असंही सांगेल. आज असं सांगायला त्याला काहीच कारण नाही.

आता टाळता येईल तितकं टाळलेली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं एकच चित्र गेलं होतं. शेजारच्या स्टॉलवर चार लाल टिकल्या दिसत होत्या. मी खाली स्टेशनरीच्या दुकानातून टिकल्यांचं पाकीट आणलं आणि न विकलेल्या तीन चित्रांखाली एकेक लावली. टिकल्या बघून गिऱ्हाइकाचा धीर वाढतो असं म्हणतात. खरं कारण तेवढंच नव्हतं. मला लाज वाटत होती. त्या स्टॉलचे फोटो मी टाकले. शेवटच्या रात्री चित्रं उतरवताना दिसलं, की शेजाऱ्याच्या टिकल्या लावलेल्या चारातली तीन चित्रंही टेम्पोत चढत होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्याआधी मी रांगेतल्या नऊ जणांना विचारलं होतं, कसं झालं? आठ जण म्हणाले, रिस्पॉन्स चांगला होता. बंगालहून आलेले एक म्हातारे चित्रकार तेवढे म्हणाले, "एकही नाही," आणि डबा उघडून मला संदेश दिला.

जूनमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. "सर, तुमचे फोटो बघितले. मीही यंदा स्टॉल बुक केलाय." पहिला हप्ता भरून झाला होता, आईच्या पाटल्या बँकेत ठेवून. तो हप्ता परत मिळत नाही.

मी आत जाऊन हिशोबाची वही आणली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने सगळं वाचलं, बेरीज स्वतः करून बघितली. मग विचारलं, "आणि त्या टिकल्या?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही. पेढ्यांचा पुडा मात्र तिने बायकोच्या हातात दिला. दुसरा हप्ता या महिनाअखेरीस आहे. भरायचा की नाही, ते तिचं ती ठरवेल. पण पहिला हप्ता तिने माझ्या टिकल्या बघून भरला, आणि त्याचं खापर कुठल्याही आयोजकावर फोडता येणार नाही.

म्हणून मेळ्यातून शिकायचं असेल, तर ते सगळ्यांनी मिळून शिकू. आयोजकांनी संपल्यावर दोन आकडे जाहीर करावेत: किती स्टॉल होते, आणि त्यातल्या किती जणांचं भाडं विक्रीतून वसूल झालं. ते करणार नसतील, तर आपण करू. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत कुठल्याही मेळ्यात स्टॉल घेतला असेल त्यांनी आपलं भाडं, खर्च आणि विक्री लिहून ठेवा, आणि विचारणाऱ्या पुढच्या चित्रकाराला ती वही दाखवा. माझी वर मांडली आहे. न विकलेल्या चित्राखाली टिकली लावू नका. पाकिटात उरलेल्या माझ्याकडे अजून आहेत. क्लासच्या पोरांना रंगचक्र शिकवायला वापरतोय.

ठाण्याच्या त्या बाईंनी हे वाचलं, तर घाटाचं चित्र अजून आहे. सोफ्यावर बसेल.