मेहुण्याची कॅसेट

कुणाला पानाचा नाद, कुणाला पत्त्यांचा. आमच्या मेहुण्याला जुन्या संगणकांचा! १९८६च्या सुमारास भारतात निघालेले ‘डीबी स्पेक्ट्रम’ त्याने दोन वर्षे खपून दुरुस्त केले. स्मरणशक्ती म्हणाल तर ४८ केबी. मोबाईलवरच्या एका फोटोलाही ती पुरायची नाही! त्यात खेळ भरायचा तो टेपरेकॉर्डरवरून. पाच मिनिटे नुसता किरकिराट!

गेल्या चैत्रात आम्ही जोतिबाच्या डोंगरावर सासुरवाडीला गेलो. यंत्र बरोबर होतेच. माळ्यावर मेहुण्याला लहानपणच्या खेळाची कॅसेट सापडली आणि स्वारी हरखली. जोडाजोड झाली, पण पडद्यावर काही उमटेना. वैतागून त्याने वायर उपटली, तो टेपमधून हलगी घुमली, ‘चांगभलं’चा गजर झाला आणि कैलासवासी आबांची हाक आली, “पोरांनो, सासनकाठी आली, बघा!”

खेळावरच आबांनी यात्रा भरून ठेवली होती.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“खेळ गेला रे तुझा,” मी म्हणालो.

“जाऊ द्या, दाजी,” कॅसेट मागे फिरवीत तो म्हणाला, “खेळ काय, कुठंही मिळंल.”

स्पेक्ट्रम त्या दिवशी पुन्हा लागलेच नाही.