विश्लेषण : गाडीची रिंग मोठी की रस्त्याचा खड्डा मोठा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, कापसाचे पैसे हाती आले की पालमसारख्या तालुक्याच्या गावात नव्या-जुन्या गाड्यांची खरेदी होते. गाडी दारात उभी राहिली की पहिली खटकते ती लोखंडी रिंग आणि तिच्यावरचे प्लास्टिकचे झाकण. मग नांदेड किंवा परभणी गाठून मॅगव्हील, म्हणजेच अलॉय व्हील, बसवले जाते. १४ इंचाच्या जागी १६, कधी १७ इंच. एमएच २२ पाटीची साधी गाडी एकदम रुबाबदार दिसू लागते. हा रुबाब आपल्या रस्त्यावर किती दिवस टिकतो आणि त्याची खरी किंमत काय, याचा हिशेब मात्र खरेदीच्या वेळी कोणी मांडत नाही.

हौस करणे चूक आहे का?

अजिबात नाही. आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेली गाडी चांगली दिसावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय अलॉयचे काही फायदे खरेच आहेत. त्याच आकाराची चांगली अलॉय रिंग लोखंडी रिंगपेक्षा बहुधा हलकी असते. तिच्यातून ब्रेकची उष्णता लवकर बाहेर पडते, ती गंजत नाही. वाद अलॉयशी नाही. वाद आहे तो गरजेपेक्षा मोठ्या आकाराशी आणि दर्जाची खात्री न करता केलेल्या खरेदीशी.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

२०१८ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टचे उदाहरण घेऊ. तिच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ हा टायर होता. यातील १६५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची आणि १४ म्हणजे रिंगचा इंचातील व्यास. म्हणजे रिंग आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची सुमारे १३२ मिलिमीटर उंच भिंत. वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ टायर होता, त्याची बाजू १२० मिलिमीटर. या दोन्ही चाकांचा एकूण व्यास मात्र जवळपास सारखाच, साधारण ६२० मिलिमीटर.

आता त्याच गाडीला १६ इंचाची रिंग लावली, तर एकूण व्यास तोच ठेवण्यासाठी १९५/५५ टायर घ्यावा लागतो आणि बाजू १०७ मिलिमीटरवर येते. १७ इंचाला २०५/४५ घेतला तर उरते केवळ ९२ मिलिमीटर. म्हणजे १४ वरून १७ वर जाताना ४० मिलिमीटर, जवळजवळ दोन बोटे रबर गेले. चाक तेवढेच राहिले. त्यातले लवचीक रबर कमी झाले आणि कडक धातू वाढला. व्यासाचे हे गणित न पाहता टायर घेतला, तर स्पीडोमीटर आणि किलोमीटरचे आकडेही चुकतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या रिंगचा टायर जास्त वजन पेलतो, असे नाही. टायरवर आकारानंतर भार निर्देशांक छापलेला असतो. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. दिसायला दांडगा पण निर्देशांक कमी, असा टायर गाडीला लागला तर लग्नाला सहा जण आणि डिकीत सामान घेऊन निघालेल्या गाडीचा भार त्याच्यावर पडतो.

पालमच्या रस्त्याचा यात संबंध काय?

सगळा संबंध इथेच आहे. गोदावरी खोऱ्यातील आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता पक्क्या पायाने केलेला नसेल, तर तो जागोजागी खचतो आणि त्याच्या कडा तुटतात. समोरून उसाची ट्रॉली आली की गाडी डांबराखाली उतरवावी लागते. पुन्हा वर घेताना तुटलेल्या कडेचा मार थेट चाकाला बसतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचले की त्याची खोली कळतच नाही.

उंच बाजूचा टायर हा मार स्वतः दबून पचवतो. बारीक बाजूचा टायर रिंग आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चिरडला जातो. मग टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा रिंग वाकते, तडकते. बाजूला फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. रिंग वाचली तरी धक्का शॉकअप, बुश आणि बेअरिंगकडे जातो. मागच्या सीटवर बसलेल्या आजीच्या कमरेचा हिशेब वेगळाच.

लोखंडी रिंग आणि अलॉय यांच्यात फरक काय?

लोखंडी रिंग मार लागला की बहुधा वाकते. टायरवाला ती ठोकून, बॅलन्सिंग करून देतो आणि गाडी घरी येते. अलॉय ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू. ती थोडी वाकते, पण जोराचा मार लागला तर तडकते आणि हवा एकदम जाऊ शकते. काही ठिकाणी अशी रिंग वेल्डिंग करून देतात. ओतल्यानंतर उष्णतेची प्रक्रिया करून अलॉयला मजबुती आणलेली असते; वेल्डिंगच्या आचेने त्या जागची मजबुती कमी होते. म्हणून तडकलेली रिंग जोडून पुन्हा पुढच्या चाकाला लावणे धोक्याचे आहे.

नट बसले म्हणजे रिंग बसली का?

नाही. तीन मापे जुळावी लागतात. पहिले, नटांच्या वर्तुळाचे माप, ज्याला पीसीडी म्हणतात. स्विफ्टला ते ४ गुणिले १००, तर ह्युंदाई क्रेटाला ५ गुणिले ११४.३ आहे. दुसरे, मधल्या भोकाचा व्यास. ते हबपेक्षा मोठे असेल तर मधे योग्य मापाची कडी बसवावी लागते, नाहीतर स्टीअरिंग थरथरते. तिसरे, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत बसते आणि किती बाहेर येते. दिखाव्यासाठी चाक मडगार्डबाहेर काढले की बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चिखल-खडी थेट गाडीच्या पत्र्यावर उडते.

नटांचेही तसेच. अलॉयचे नट लोखंडी स्टेपनीला चालतीलच असे नाही. रात्री पेशंट घेऊन नांदेडला निघालेली गाडी वाटेत पंक्चर झाली आणि स्टेपनीला नटच बसेनात, तर त्या रुबाबाचा काय उपयोग? दुकानातून निघण्यापूर्वी स्टेपनी एकदा लावून पाहा. नवी रिंग बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या.

पिकअप आणि मायलेज सुधारते का?

रिंग हलकी आणि टायर मूळ मापाचा असेल तर थोडा फायदा होऊ शकतो. पण १७ इंची ओतीव अलॉय आणि रुंद टायर यांचे एकत्र वजन मूळ १४ इंची चाकापेक्षा बरेचदा जास्तच भरते. जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. रुंद टायर गुळगुळीत हायवेच्या वळणावर चांगली पकड देतो, हे खरे. पण आपला रोजचा प्रवास त्या हायवेवरचा नाही.

कायदा आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला आकार म्हणूनच सर्वांत निर्धोक. बाहेरून बसवलेल्या रिंगांची नोंद विमा कंपनीकडे केली नसेल, तर नुकसानभरपाईच्या वेळी वाद होतो.

मग पालमच्या गाडीवाल्याने काय करावे?

आमचे मत स्पष्ट आहे. गावाकडच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला मूळ आकाराचीच अलॉय लावावी किंवा फार तर कंपनीच्या वरच्या व्हेरियंटइतकी, म्हणजे एक इंच मोठी. पैसे मर्यादित असतील तर स्वस्त रिंगांच्या संचापेक्षा चांगल्या कंपनीच्या चार टायरवर ते खर्च करावेत. ब्रेक मारल्यावर रस्ता पकडतो तो टायर. रिंग घेताना भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६१९२ या मानकाची खूण, तसेच रिंगवर कोरलेला किती किलोचा भार चालतो तो आकडा पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. यातले काहीच नसेल तर नक्षी कितीही सुंदर असो, ती सोडून द्यावी. भाड्याने चालणाऱ्या गाडीने तर लोखंडी रिंगच ठेवावी. एक दिवस गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली.

रस्ते खराब म्हणून आम्ही हौस का मारायची, असा प्रश्न कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. चांगल्या रस्त्याची मागणी ग्रामपंचायतीपासून बांधकाम विभागापर्यंत लावून धरलीच पाहिजे. पण तो रस्ता होईल तेव्हा होईल. आज संध्याकाळी घरच्यांना घेऊन जायचे आहे ते याच रस्त्याने. आपल्या आजोबांनी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवली ती वाट पाहूनच. रिंग निवडतानाही आधी वाट पाहावी, मग नक्षी.