लेझर जॅमर: चाचणी नेमकी कशाची?

लेझर जॅमर हे पोलिसांच्या लेझर स्पीडगनला मोटारीचा वेग मोजू न देण्यासाठी बनवलेले उपकरण आहे. स्पीडगन सुमारे 905 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचे अतिसूक्ष्म स्पंद सोडते. ते गाडीवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला यावरून गाडीचे अंतर कळते आणि ते अंतर किती झपाट्याने घटते यावरून वेग कळतो. तीनशे मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन परत येण्यास प्रकाशाला अवघे दोन मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे अनेक स्पंदांचा हिशेब करून सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात आकडा पडद्यावर येतो. तेवढ्यात ताशी 120 किलोमीटर वेगाची गाडी जेमतेम अकरा मीटर पुढे सरकलेली असते. जॅमर गाडीच्या नाकाडावर बसतो, येणारा स्पंद ओळखतो आणि त्याच जातीचे स्पंद उलट फेकतो. खरा परतलेला प्रकाश कोणता आणि बनावट कोणता हे स्पीडगनला ठरवता येत नाही, आणि वेगाचा आकडा उमटतच नाही.

हे उपकरण अमेरिकेत रुजण्याचे कारण तांत्रिक आहे. वेग मोजणाऱ्या रडारची शलाका दूर जाईपर्यंत कित्येक मीटर रुंद पसरते. पुढच्या गाडीवर रोखलेल्या रडारचा सुगावा मागच्या गाडीतील डिटेक्टरला आधीच लागतो आणि चालक सावध होतो. 1990च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी पोलिसांच्या हाती लेझर स्पीडगन आली तेव्हा ही सोय संपली. तिची शलाका तीनशे मीटरवर जेमतेम 90 सेंटिमीटर रुंद असते. त्यामुळे ती नेमक्या एकाच गाडीवर पडते आणि डिटेक्टर वाजेपर्यंत मोजणी झालेली असते. नुसती सूचना निरुपयोगी ठरल्यावर मोजणीच बिघडवण्याची कल्पना पुढे आली.

जॅमरच्या बाजूने चार युक्तिवाद केले जातात. हे खरे तर गाडी पार्क करताना मदत करणारे सेन्सर आहेत, हा पहिला. केंद्रीय कायद्याने त्यांना बंदी नाही, हा दुसरा. स्पीडगन चुकते आणि वेगमर्यादा मनमानी असतात, म्हणून निरपराध चालकाला संरक्षण हवे, हा तिसरा. जॅमरचा इशारा मिळाला की चालक वेग कमी करतोच, म्हणजे पोलिसांचा हेतू सफल होतो, हा चौथा. यांतील तिसऱ्या युक्तिवादात सत्याचा अंश आहे, म्हणून त्याचा विचार सर्वांत सविस्तर करावा लागतो. बाकीचे तीन तपासून पाहताच कोसळतात.

पार्किंगसाठीचे नेहमीचे सेन्सर ध्वनिलहरींवर चालतात, बंपरमध्ये बसतात आणि एक-दोन मीटरवरचा अडथळा दाखवतात. जॅमरची बसवणी पूर्णपणे वेगळ्या गणितावर उभी असते. पोलीस नेम धरतात तो नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर, कारण तेथून प्रकाश सर्वाधिक परततो. म्हणून जॅमरची मुंडकी, म्हणजे स्पंद ओळखणारे आणि फेकणारे भाग, प्लेटच्या दोन्ही अंगांना किंवा ग्रिलमध्ये लावतात. ती पाणसळ लावून समतल करतात आणि थेट समोर रोखतात. मुंडके किंचित खाली झुकले तरी दूरवर त्याचा प्रकाश रस्त्यात शिरतो. ट्रक किंवा मोठ्या एसयूव्हीचे तोंड उंच आणि सपाट असते. तेथे प्रकाश परतवणारे क्षेत्रफळ इतके मोठे असते की दोन मुंडकी पुरत नाहीत.

चाचणी तर याहून बोलकी असते. मोकळ्या रस्त्याच्या टोकाला एक जण पोलिसांच्या वापरातील स्पीडगन घेऊन उभा राहतो. गाडी अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून त्याच्याकडे येते. तो कधी प्लेटवर, कधी डाव्या-उजव्या हेडलाइटवर नेम धरतो आणि आकडा कोणत्या अंतरावर उमटला याची नोंद करतो. गाडी अगदी जवळ येईपर्यंत आकडा उमटला नाही, तर बसवणी उत्तम ठरते. मध्येच उमटला, तर मुंडके सरकवून किंवा त्याचा कोन बदलून पुन्हा फेरी मारतात. स्पीडगनचे नवे मॉडेल बाजारात आले की जॅमरचे सॉफ्टवेअर बदलावे लागते आणि सगळी चाचणी नव्याने करावी लागते. काही स्पीडगन स्पंदांमधला काळ मुद्दाम बदलत राहतात, काही जॅमिंगचा संशय येताच तशी सूचना दाखवतात. म्हणून मोजणी काही सेकंद अडवून मग जॅमर बंद करण्याचीही सोय ठेवलेली असते. तेवढ्यात वेग उतरवायचा आणि मग पोलिसाला निर्दोष आकडा मिळू द्यायचा. ज्या उपकरणाची परीक्षा भिंतीपासून दीड मीटरवर होत नाही, तर पाचशे मीटरवरच्या स्पीडगनसमोर होते, त्याला पार्किंगचे साधन म्हणणे हे धादांत असत्य आहे.

कायद्याचा युक्तिवादही अर्धवट आहे. रेडिओलहरी अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाच्या कक्षेत येतात, म्हणून रडार जॅमर देशभर बेकायदा आहे. लेझर हा प्रकाश असल्याने तो त्या बंदीबाहेर राहतो, एवढेच खरे. रस्त्यावरचे नियम राज्ये करतात, आणि कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, मिनेसोटा, व्हर्जिनिया, युटा अशा अनेक राज्यांनी लेझर जॅमर निषिद्ध ठरवला आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. विक्रेत्याच्या ‘केंद्रीय बंदी नाही’ या वाक्यावर विसंबणे त्यांनाही तितकेच महागात पडेल. ब्रिटनमध्ये तर जॅमर वापरणे न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याचा गुन्हा मानले जाऊ शकते. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये वेग मोजणाऱ्या व्हॅनसमोरून जॅमर लावून वारंवार गेलेल्या चालकाला 2018 मध्ये आठ महिन्यांचा कारावास झाला.

आता तिसरा युक्तिवाद. स्पीडगन चुकू शकते, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती कोणत्या दिशेने चुकते हेही पाहिले पाहिजे. पोलीस रस्त्याच्या कडेला उभा असतो, म्हणून शलाका गाडीच्या मार्गाशी कोन करते आणि त्यामुळे मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमीच येतो. ही चूक चालकाच्या फायद्याची आहे. मोजणीदरम्यान शलाका गाडीच्या अंगावरून घसरली तर मात्र खोटा आकडा येण्याची शक्यता असते. अशी विसंगत मोजणी ओळखून टाकून देणारी व्यवस्था यंत्रात असते, पण ती पुरेशी आहे का, हा प्रश्न रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची योग्य रीत न्यू जर्सीने दाखवली. तेथील सुपीरियर कोर्टाने 1996 मध्ये एलटीआय मार्क्समन 20-20 या स्पीडगनचे आकडे पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला, कारण तिची अचूकता पुरेशी सिद्ध झालेली नव्हती. त्यानंतर तिच्या आणखी चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष दोन्ही पक्षांसमोर आले, आणि 1998 मध्ये न्यायालयाने ते आकडे ग्राह्य मानले. मात्र त्यासाठी अटी घातल्या. पोलिसाला योग्य प्रशिक्षण हवे, वापरापूर्वी यंत्राची तपासणी हवी, मुसळधार पावसात किंवा बर्फ पडताना घेतलेली मोजणी चालणार नाही, आणि हजार फुटांपलीकडची, म्हणजे सुमारे 305 मीटरपलीकडची, मोजणी तज्ज्ञाच्या साक्षीविना स्वीकारली जाणार नाही. या चाचणीचा लाभ राज्यातील प्रत्येक चालकाला झाला, ज्याच्याकडे महागडे उपकरण घेण्याची ऐपत नाही त्यालाही. जॅमरची चाचणी करणाऱ्यालाही स्पीडगनच्या मर्यादा कळतात, पण तो त्या ज्ञानातून फक्त स्वतःची सुटका साधतो. सदोष यंत्र सदोषच राहते आणि जॅमर नसलेला चालक दंड भरतो. अन्यायाविरुद्धचा लढा म्हणून जॅमरचे समर्थन करणाऱ्यांकडे या विषमतेला उत्तर नाही.

मनमानी वेगमर्यादेचेही तसेच. कॅलिफोर्नियात अनेक रस्त्यांवर मर्यादेला विहित मुदतीतील वाहतूक सर्वेक्षणाचा आधार नसेल, तर रडार वा लेझरचा पुरावा न्यायालयात टिकत नाही. मर्यादा चुकीची आहे असे वाटणाऱ्या नागरिकाने तो सर्वेक्षण अहवाल मागावा, त्याला उघड आव्हान द्यावे. ती बदलली तर सर्वांसाठी बदलते.

जॅमरमुळे वेग कमी होतोच, हा शेवटचा दावा सर्वांत धोकादायक आहे. इशारा मिळताच भरधाव गाडीला करकचून ब्रेक लावणे मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. आणि उतरलेला वेग पोलीस मागे पडताच पुन्हा चढतो, कारण तो पुन्हा चढवता यावा यासाठीच तर उपकरण घेतलेले असते. वेगाचे परिणाम मात्र जॅमरने अडत नाहीत. ब्रिटनच्या हायवे कोडनुसार ताशी 48 किलोमीटर वेगाची गाडी थांबायला 23 मीटर लागतात, ताशी 112 किलोमीटरला 96 मीटर. वेग सव्वादोन पटींहून थोडा अधिक वाढतो आणि अंतर चौपटीहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत 2022 साली बेफाम वेगाशी संबंधित अपघातांत 12 हजारांहून अधिक माणसे मेली. चालक कितीही कुशल असला तरी रस्ता ओलांडणाऱ्याचे शरीर त्याच्या कौशल्याने अधिक कणखर होत नाही.

वेगनियंत्रणाची दिशाही आता बदलते आहे. ब्रिटनमध्ये 1999 पासून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. ते दोन ठिकाणी नंबर प्लेट वाचतात आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागतात. त्यात गाडीवर लेझर रोखलाच जात नाही, त्यामुळे जॅमरला अडवण्यासारखे काही उरत नाही, आणि कॅमेऱ्यापुरता ब्रेक लावूनही भागत नाही. युरोपीय संघात जुलै 2024 पासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालक तिला डावलू शकतो, म्हणजे अंतिम निर्णय त्याचाच राहतो. मुंडकी समतल करण्यात आणि कोन जुळवण्यात जे तांत्रिक कसब आज खर्ची पडते, त्याला इथे खरे काम आहे. धुक्यात, पावसात, झाडाआड दडलेल्या फलकासमोर ही यंत्रणा मर्यादा बरोबर वाचते का, याची चाचणी घेता येते आणि तिचे निष्कर्ष उघडपणे मांडता येतात.