विकत घेतलेला इतिहास

परवा चार दिवस रत्नागिरीला घरी जाऊन आलो. भाच्याने नवी गाडी घेतलीय (म्हणजे ताईने घेऊन दिलीय), आणि संध्याकाळ झाली की हा आणि याचे मित्र आरे-वारेच्या रस्त्यावर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये ही मंडळी गुडघे टेकवायच्या प्रयत्नात! ताई म्हणाली, "तू समजाव रे त्याला, तुझं तरी ऐकेल." मी समजवायला बसलो, तर त्यानेच मला विचारलं, "मामा, त्या मोटोजीपीत आपली टीम कधीच का नव्हती रे?"

म्हटलं, नव्हती कशी? होती की! आपल्या मुंबईची होती. महिंद्राची.

त्याचा विश्वास बसेना. मग मला जे चढलं ते अजून उतरलेलं नाही, म्हणून हा लेख.

तर झालं असं. 2011 साली महिंद्रा 125 सीसीच्या जागतिक स्पर्धेत उतरली. ग्रांप्रीच्या मैदानात उतरलेली ही पहिली भारतीय कंपनी. टू-स्ट्रोक 125 चं ते शेवटचं वर्ष, आणि वर्षातल्या शेवटच्या व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत डॅनी वेबने पोल पोझिशन काढली. पुढच्या वर्षी 250 सीसी फोर-स्ट्रोकची मोटो-3 आली आणि आमची पार धूळधाण उडाली. गाडीच चालेना! मग 2013 मध्ये स्विस कंपनी सुटरबरोबर नवी गाडी केली, आणि त्याच वर्षी सेपांगला मिगेल ओलिव्हेरा तिसरा आला. मग 2016. जूनमध्ये असेनला फ्रान्चेस्को बान्याया जिंकला, महिंद्राचा पहिला विजय. ऑगस्टमध्ये ब्रनोला पावसात जॉन मॅकफी पहिला आला, तो प्यूजोचं नाव लावलेल्या महिंद्रावर (प्यूजो मोटोसायकल्समध्ये महिंद्राने 2015 ला 51 टक्के हिस्सा घेतला होता), आणि दुसरा होर्गे मार्टिन, तोही महिंद्रावर. ऑक्टोबरमध्ये सेपांगला पुन्हा बान्याया. वर्षअखेरीला तो चौथा.

आणि 2017 संपताना दुकान बंद. खलास.

आता हे सांगितलं की दोन प्रकारचे लोक अंगावर येतात. पहिले म्हणतात, "ती कसली भारतीय टीम? गाडी स्विस, रायडर इटालियन." अहो, मग जगातली कुठली टीम शुद्ध आहे? फॉर्म्युला वनमधली मर्सिडीज इंग्लंडमध्ये बनते, तिला कोणी जर्मन नाही असं म्हणत नाही. पैसा ज्याचा, निर्णय ज्याचा, टाकीवर नाव ज्याचं, टीम त्याची. हा आक्षेप मला मान्य नाही.

दुसरे म्हणजे आमच्या ऑफिसातले एमबीए. "खर्च किती, गाड्या खपल्या किती?" हा मुद्दा मात्र खरा आहे, लपवण्यात अर्थ नाही. महिंद्राच्या स्कूटर-मोटरसायकली खपत नव्हत्या. 2015 ला आलेली मोजो चांगली होती, पण रस्त्यावर किती दिसल्या ते तुम्हीच आठवा. शेअरहोल्डरला उत्तर द्यावं लागतं, ठीक. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे. पहिलं व्हर्जन कोसळलं, दुसरं पुन्हा लिहून काढलं, बग निस्तरले, चालायला लागलं, आणि मग बरोबर तेव्हाच प्रोजेक्ट बंद? बंद करायचं तर 2012 मध्ये करायला हवं होतं! जे शिकायला सहा वर्षं लागली ते सातव्या वर्षी सोडून देणं याला मी काटकसर म्हणत नाही.

आणि खरा राग त्याचाही नाही. राग याचा आहे की 2016 मध्येच, म्हणजे असेन जिंकलं त्याच वर्षी, महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने बीएसए हे बंद पडलेलं इंग्रजी नाव विकत घेतलं. 2018 ला जावा परत आणली, मग येझदी. का? तर म्हणे त्या नावांना इतिहास आहे. अरे, मग तुमच्या स्वतःच्या इतिहासाचं काय? तो चालू होता की! दुसऱ्याचं जुनं विकत आणायचं आणि घरचं ताजं उकिरड्यावर टाकायचं, हा कुठला न्याय?

त्या टीमचे रायडर पुढे काय झाले बघा. बान्याया 2022 आणि 2023 चा मोटोजीपी विश्वविजेता. मार्टिन 2024 चा. 2017 मध्ये महिंद्रावर असलेले दाल्ला पोर्ता आणि अरेनास 2019 आणि 2020 चे मोटो-3 विजेते. सप्टेंबर 2023 मध्ये बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली तेव्हा पहिला आला बेझेक्की, जो 2017 ला मोतेगीत महिंद्रावर तिसरा आला होता, आणि दुसरा मार्टिन. आपल्या देशातल्या शर्यतीत पहिले दोघे आपल्या गाडीवर शिकलेले, आणि टीव्हीवर बघणाऱ्या किती जणांना हे माहीत होतं?

पण यात एक नाव नाही, ते म्हणजे एकाही भारतीय पोराचं. सात वर्षांत पूर्ण हंगाम चालवणारा एकही भारतीय रायडर नव्हता. रायडर इटालियन असण्याला माझा आक्षेप नाही म्हटलं ना, पण सातही वर्षं? इथे मात्र टीव्हीएसकडे बघावं. होसूरवाल्यांनी 1982 ला रेसिंग टीम काढली, 1994 ला सगळ्यांना एकसारखी गाडी देऊन शर्यती सुरू केल्या, आणि ते टिकले. त्यांच्या टीममधली ऐश्वर्या पिस्से 2019 ला महिलांचा बाहा वर्ल्ड कप जिंकली. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक, कोईमतूरला ट्रॅक, शेजारी कारखाना, कारखान्यात टीम. मोटरसायकलींचे कारखाने आपल्याकडेही कमी नाहीत. पुणे-चाकणला बजाजच्या गाड्या वर्षानुवर्षं बनतायत. पण रेसची हौस असलेल्या आपल्या पोराने जायचं कुठे, तर आरे-वारेला.

(आमच्या सड्यावर सपाट कातळ भरपूर आहे, ट्रॅक होईल, असं भाचा म्हणाला. म्हटलं बाबा, त्या कातळावर कातळशिल्पं आहेत, तिथे हात लावू नकोस!)

असो. त्या रात्री त्याला असेनची शर्यत दाखवली. शेवटच्या लॅपला तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग टाकीवरचं नाव बघून म्हणाला, "मामा, हे तर आपल्या बोलेरोवर असतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गाडी काढली. ताई दारात उभी. मी हेल्मेट हातात दिलं, त्याने घातलं, आणि भाट्याकडे न वळता सरळ आरे-वारेच्या दिशेनेच गेला.